जमिनीवर आकाश उभे करणारा माणूस

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरले की मागांचा खडखडाट रस्त्यावरूनच ऐकू येऊ लागतो. इथल्या शेडमधून चादरी आणि टॉवेल विणले जातात. चादरीवर मोर, वेलबुट्टी किंवा फुलांची नक्षी उमटते ती जकार्डमुळे. पारंपरिक जकार्डमध्ये मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांची एक लांब माळ फिरत असते. जिथे छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो. नक्षीचे सारे ज्ञान त्या छिद्रांत साठवलेले असते. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, पट्ट्यांची जागा संगणकाने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

या वसाहतीपासून काही किलोमीटरवर होटगी रस्त्याला सोलापूरचा विमानतळ आहे. साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद अनेक वर्षे गाजल्यानंतर जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडण्यात आली आणि जून २०२५ मध्ये गोव्याला जाणारी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशा विमानाच्या वैमानिकाने इंजिन बंद पडणे, आग लागणे, ढगात वाट न दिसणे हे सारे प्रसंग आधीच अनेकदा अनुभवलेले असतात. पण हवेत नव्हे, जमिनीवर. त्या जमिनीवरच्या विमानाला सिम्युलेटर म्हणतात. मागावरची छिद्रांची पट्टी आणि वैमानिकाचा सिम्युलेटर यांचे नाते कोणालाही दूरचे वाटेल. ते नाते एका माणसाच्या आयुष्यातून गेलेले आहे. त्याचे नाव एडविन अल्बर्ट लिंक.

एडविनचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन या गावी झाला. योगायोग असा, की त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, २९ जुलै १९०४ रोजी, पॅरिसमध्ये जे. आर. डी. टाटा जन्मले. भारतात हवाई वाहतूक रुजवणारा आणि जगभरच्या वैमानिकांना जमिनीवर उडायला शिकवणारा, असे हे दोघे एकाच आठवड्यातले.

एडविन सहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे दिवाळखोरीत निघालेला वाद्यांचा एक कारखाना विकत घेतला. पुढे तो लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी या नावाने चालू लागला. मूकपटांच्या जमान्यात चित्रपटगृहांत वाजणारे ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तिथे तयार होत. या पियानोत कागदाची छिद्रे पाडलेली गुंडाळी फिरे. छिद्र ठरावीक जागी आले की तेथून हवा आत शिरे, झडप उघडे, चिमुकला भाता मिटे आणि पट्टी दाबली जाऊन स्वर उमटे. आपल्या जकार्डचाच हा संगीतातला भाऊबंद म्हणावा. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ऑर्गन नवा नाही, आणि पेटीचा भाता तर घरोघरी ठाऊक आहे. हवेच्या दाबाने एखादी जड वस्तूही किती हळुवारपणे हलवता येते, हे एडविन या कारखान्यात शिकला. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन फारसे रमले नाही. ऑर्गन जुळवणे, दुरुस्त करणे यात ते रमले.

दुसरे वेड आकाशाचे. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. त्यासाठी पन्नास डॉलर मोजले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शिक्षकाने विमान हवेत नेले, कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या आणि परत उतरवले. साऱ्या वेळात विद्यार्थ्याचा हात सुकाणूला लागलासुद्धा नाही. पैसे गेले आणि पदरात शिक्षण असे काही पडले नाही. पण त्यात शिक्षकाचाच सगळा दोष होता असे म्हणता येणार नाही. नवख्याच्या हाती विमान देणे म्हणजे दोघांचाही जीव टांगणीला लावणे होते. चूक केल्याशिवाय शिकता येत नाही आणि हवेत चूक करण्याची सोय नाही, असा हा पेच होता. त्या काळात अनेक तरुण वैमानिक शिकता शिकताच मृत्युमुखी पडत होते.

लिंक यांनी उड्डाणाचा नाद सोडला नाही. ते वैमानिक झाले, १९२७ मध्ये त्यांनी सेस्ना कंपनीचे विमान घेतले आणि गावोगावी जाऊन लोकांना विमानात फिरवून आणण्याचा व्यवसायही केला. मात्र पहिल्या धड्याचा पेच मनातून गेला नव्हता. त्याच सुमारास कारखान्याच्या तळघरात त्यांनी एक विचित्र यंत्र बांधायला घेतले. लाकडाचे ठेंगणे विमान, त्याला आखूड पंख आणि शेपटी. ते एका सांध्यावर बसवलेले आणि त्याच्याखाली ऑर्गनचे भाते. आत बसणाऱ्याने दांडा डावीकडे नेला की झडपा उघडत, एका बाजूच्या भात्यातील हवा खेचली जाई आणि सारे विमान डावीकडे कलत असे. दांडा मागे ओढला की नाक वर होई. पायाखालची पट्टी दाबली की यंत्र गर्रकन वळे. विजेच्या पंपाने निर्माण केलेल्या पोकळीवर हा सारा खेळ चाले. पियानोतल्या भात्याने स्वर उमटत होता, इथल्या भात्याने आकाश उमटू लागले.

१९२९ मध्ये लिंक यांनी पेटंटसाठी अर्ज केला. शिकाऊ वैमानिकांचे प्रशिक्षण आणि करमणूक असे दोन्ही उपयोग त्याच्या शीर्षकातच नोंदलेले होते. बाजाराने मात्र दुसराच उपयोग उचलला. उड्डाणशाळांनी या लाकडी विमानाकडे फारसे लक्ष दिले नाही. गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांतले. तिथे नाणे टाकून मुले त्यात बसू लागली. जत्रेतल्या पाळण्याशेजारी आपले यंत्र उभे असलेले पाहणे संशोधकाला सुखाचे नसणार. त्यातच मंदी आली. बोलपटांनी चित्रपटगृहांतील ऑर्गनची गरज संपवली आणि वडिलांचा कारखानाही डबघाईला आला.

लिंक यांनी स्वतःच शाळा काढली. आधी जमिनीवरच्या यंत्रात सराव, मग प्रत्यक्ष विमान, अशी तिची रीत होती. त्यांचा भाऊ जॉर्ज या यंत्रावर काही तास घालवून मग हवेत गेला आणि जेमतेम पाऊण तासाच्या शिकवणीनंतर त्याने एकट्याने विमान उडवले. पोटापाण्यासाठी लिंक रात्रीच्या आकाशात जाहिरातीही करीत. विमानाच्या खालच्या बाजूला दिव्यांची अक्षरे लावलेली असत आणि त्यांची उघडझाप पुन्हा छिद्रांच्या गुंडाळीवरच चाले. याच ओढगस्तीच्या काळात, १९३१ मध्ये, त्यांचा विवाह मॅरियन क्लेटन या पत्रकार तरुणीशी झाला. पुढच्या साऱ्या धडपडीत, कारखान्यापासून समुद्रापर्यंत, त्या बरोबरीने राहिल्या.

दिवस पालटले ते एका राष्ट्रीय संकटामुळे. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सरकारने खासगी कंपन्यांचे हवाई टपालाचे करार रद्द केले आणि ते काम लष्कराच्या हवाई दलावर सोपवले. लष्कराचे वैमानिक धाडसी होते. पण रात्री, बर्फात, धुक्यात केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही महिन्यांत साठाहून अधिक अपघात झाले, दहाहून अधिक जणांनी प्राण गमावले. देशभर हलकल्लोळ माजला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ढगात शिरलेल्या माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हे शरीर सांगू शकत नाही. तोल सांभाळणारी कानाच्या आतली यंत्रणा क्षितिज दिसेनासे झाले की फसते. विमान हळूहळू कलत असते आणि वैमानिकाला आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. मग ते सावरले की उलट दिशेला पडत आहोत असा भास होतो. अशा वेळी समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा आणि आपल्याच शरीरावर अविश्वास दाखवायचा, हे वाचून जमत नाही. ते अंगवळणी पडावे लागते. लिंक यांनी आपल्या यंत्रात तोवर वेग, उंची, वळण दाखवणारी उपकरणे बसवली होती आणि वर झाकणही केले होते. झाकण बंद केले की आतला माणूस ढगात गेला.

हवाई दलाचे अधिकारी हे यंत्र पाहण्यासाठी नेवार्कला जमले, त्या दिवशी हवा इतकी वाईट होती की लिंक येणार नाहीत असेच त्यांनी गृहीत धरले. लिंक धुक्यातून विमान घेऊन आले आणि उतरले. त्या यंत्रात केलेला सरावच त्यांना तिथवर घेऊन आला होता. निराळे प्रात्यक्षिक देण्याची गरज उरली नाही. प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर दराने सहा यंत्रांची मागणी नोंदली गेली आणि जून १९३४ मध्ये ती लष्कराकडे पोहोचली. जत्रेतला पाळणा छावणीत दाखल झाला.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्राला जगभर नेले. निळा रंग आणि पिवळे पंख यांमुळे वैमानिक त्याला निळी पेटी म्हणत. आतला विद्यार्थी काट्यांकडे पाहून वळणे घेई, आणि बाहेर शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र खेकड्यासारखे सरकत नकाशावर शाईने त्याचा मार्ग रेखाटत जाई. विद्यार्थी झाकण उघडून बाहेर आला की आपण कुठे भरकटलो, कुठे नकाशावरच्या डोंगरावर आदळलो, हे त्याला कागदावर दिसे. तो डोंगरावर आदळला होता आणि तरीही जिवंत होता, यातच या शोधाचे सारे मर्म आले. युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि पाच लाखांहून अधिक वैमानिक त्यांतून शिकून बाहेर पडले असे मानले जाते. तारे पाहून दिशा ठरवण्याचे शिक्षण देण्यासाठी लिंक यांनी एका उंच, गोल इमारतीत कृत्रिम आकाशही उभारले होते.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिंक यांनी कंपनीचा कारभार सोडला. १९५४ मध्ये ती जनरल प्रिसिजन या उद्योगात विलीन झाली. भात्यांची जागा इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांनी घेतली आणि पुढे अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्याचा सराव ज्या सिम्युलेटरवर केला, तीही लिंक यांचे नाव चालवणाऱ्या विभागाने बनवली.

लिंक स्वतः मात्र उलट दिशेने निघाले होते, आकाशाकडून समुद्राच्या तळाकडे. १९५९ मध्ये त्यांनी जमैकातील पोर्ट रॉयल या १६९२ च्या भूकंपात बुडालेल्या शहराचा शोध घेतला. तिथे सापडलेल्या एका घड्याळाचे क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा त्याचे काटे पावणेबाराच्या सुमारास थांबल्याचे दिसले. पाणबुड्याला खोलवर दीर्घ काळ राहता यावे यासाठी त्यांनी दाबकक्ष आणि छोट्या पाणबुड्या तयार केल्या. १९६४ मध्ये त्यांच्या उपकरणांच्या आधारे दोन पाणबुडे बहामाच्या समुद्रात चारशेहून अधिक फूट खोलीवर सुमारे दोन दिवस राहिले.

या कामानेच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा घाव घातला. १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ जॉन्सन सी लिंक ही त्यांनीच आखलेली पाणबुडी सुमारे ३६० फूट खोलीवर एका बुडवलेल्या युद्धनौकेच्या सांगाड्यात अडकली. आत चार माणसे होती. सुटकेला एक दिवसाहून अधिक वेळ लागला. पुढच्या कक्षातील दोघे वाचले. मागच्या कक्षात थंडीमुळे हवा शुद्ध करणारे रसायन निकामी होत गेले आणि कार्बन डायऑक्साइड साचत गेला. त्या कक्षातील दोघे मरण पावले. एक होते अल्बर्ट स्टोव्हर. दुसरा लिंक यांचा एकतीस वर्षांचा मुलगा, क्लेटन.

इतरांच्या मुलांना सुरक्षितपणे चुकता यावे म्हणून ज्याने उमेद खर्ची घातली, त्याचा स्वतःचा मुलगा त्यानेच बांधलेल्या यंत्रात गेला. एखादा माणूस इथे थांबला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. एकोणसत्तर वर्षांचे लिंक पुन्हा कामाला बसले. पुढील सुमारे दोन वर्षे त्यांनी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसाशिवाय पोहोचणारे, कॅमेरा आणि यांत्रिक पंजे असलेले, तारेने जोडलेले बचावयंत्र तयार करण्यात घालवली. त्यांच्या दुःखाचे उत्तर त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. जिथे माणसाचा जीव जाऊ शकतो, तिथे आधी यंत्राने जावे. लाकडी विमानामागेही हाच विचार होता. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे त्यांचे निधन झाले. तेथील विमानतळाला आज त्यांचे नाव आहे.

लिंक हयात असतानाच मुंबईने या विद्येची किंमत फार जवळून पाहिली होती. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचे सम्राट अशोक हे बोइंग ७४७ विमान दुबईकडे झेपावले आणि काही मिनिटांतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनपुढील उपकरण बिघडले होते. खाली काळोखा समुद्र, समोर क्षितिज नाही, आणि इतर उपकरणे पाहून विमान वेळीच सावरले गेले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. वैमानिक अननुभवी नव्हता. म्हणूनच ही घटना अधिक बोलकी ठरते. अनुभव एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही. तो वरचेवर ताजा करावा लागतो.

आज विमान कंपन्यांत हे नियमानेच होते. प्रवासी विमानाचा वैमानिक कितीही ज्येष्ठ असो, साधारणपणे दर सहा महिन्यांनी त्याला सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते. धावपट्टी सोडण्याच्या नेमक्या क्षणी एक इंजिन बंद पाडले जाते, केबिनमध्ये धूर होतो, उतरता उतरता पुन्हा वर जावे लागते. नव्वद दिवसांत किमान तीन वेळा विमान वर नेणे आणि उतरवणे झाले नसेल, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे विमाने जमिनीवर खिळली, तेव्हा असंख्य वैमानिकांनी हा खंड सिम्युलेटरमध्येच भरून काढला. गवयाने रियाज चुकवला तर सूर रुसतो. वैमानिकाचे तसेच आहे. फरक इतकाच, की त्याच्या मागे शेदीडशे माणसे निश्चिंत मनाने बसलेली असतात.

दुसरीकडे, घरच्या संगणकावरही विमान उडवण्याचा खेळ आला आणि सोलापुरातला शाळकरी मुलगाही आता पडद्यावर होटगीच्या धावपट्टीवर उतरू शकतो. या खेळाचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. पण पेटंटच्या शीर्षकात करमणूक आणि शिक्षण शेजारी लिहिणारे लिंक ते पाहून सुखावले असते.

त्यांचा वारसा केवळ विमानापुरता मानण्याचे कारण नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. त्यात लहान मूलही होते. त्या दुर्घटनेची कारणे आणि जबाबदारी हा वेगळा विषय आहे. पण जिथे कापूस, सूत आणि वीज एकत्र नांदतात आणि कारखान्याच्या आवारातच माणसे राहतातही, तिथे आगीचा पहिला अनुभव खऱ्या आगीचाच असू नये, एवढे तरी त्या घटनेने शिकवले. धुरात कोणत्या दाराकडे वळायचे, मुख्य बटण कुठे आहे, मुलांना कोणी उचलायचे, हे एकदा सांगून भागत नाही. ते वर्षातून काही वेळा, खोट्या आगीत, खऱ्या पावलांनी करून पाहावे लागते.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लिंक यांनीही सुरुवात केली होती ती कारखान्यात पडून असलेल्या भात्यांपासून आणि लाकडापासून. संकट येण्याआधी त्याला खोटेखोटे बोलावून घ्यावे, त्यात मनसोक्त चुकावे आणि चुकूनही जिवंत बाहेर यावे, ही सोय त्यांनी माणसाला करून दिली. होटगीच्या धावपट्टीवर उतरणारा वैमानिक ती दर सहा महिन्यांनी वापरतो. धावपट्टीपासून जवळच मागांवर राबणाऱ्या माणसांनाही तिचा तितकाच हक्क आहे.